पिंपात मुरलेली रेड वाइन: गोव्याच्या उकाड्यात पहिल्यांदा चाखणाऱ्यांसाठी

माझी थोरली बहीण लिस्बनला असते. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये भावोजी येताना एक बाटली घेऊन आले. जड, काळपट काचेची, लेबलवर सोनेरी अक्षरं. "चांगली आहे, जपून ठेव," म्हणाले. मी जपली. स्वयंपाकघरात फ्रीजच्या डोक्यावर, मे महिन्यासकट आठ महिने. एकतीस डिसेंबरला उघडली तर उकडलेल्या मनुकांचा वास आणि चवीला तळाशी लागलेला जॅम. घरातल्या चौघांनी मान डोलावली. "महागाची अशीच लागत असेल," दीर म्हणाले.

तशी लागत नसते. ती मीच मारली होती.

त्यानंतर आम्ही फोंड्यातले पाच जण महिन्यातून एकदा एकत्र बसायला लागलो. प्रत्येकी वर्गणी काढून एक बाटली आणायची आणि सगळ्यांनी मिळून चाखायची. त्यात जे शिकले ते खाली लिहिते आहे. पुस्तकांतले सल्ले बहुतेक थंड देशांतल्या घरांसाठी असतात. 'रूम टेंपरेचरला द्या' हे वाक्य वाचून मी दोन बाटल्यांची वाट लावली आहे, कारण आमच्या रूमचं टेंपरेचर एकतीस असतं.

आधी हे जमवा

- पोट रुंद आणि तोंड निमुळतं असलेले काचेचे ग्लास, माणशी एक. नक्षीचे, रंगीत नकोत.
- साधा दोन टप्प्यांचा कॉर्कस्क्रू.
- काचेचा रुंद जग. वाइनला हवा द्यायचं खास भांडं, म्हणजे महागडा डिकँटर, लागत नाही.
- छोटी बादली आणि भरपूर बर्फ.
- स्वयंपाकाचा थर्मामीटर. आपल्या हवेत हीच खरी गरजेची वस्तू.
- पांढरा कागद, वही, पेन.
- थुंकायला एक उभं भांडं.
- साधा पाव आणि पाणी.
- दुकानाचं बिल. बाटली खराब निघाली तर दुकानदाराशी बोलायला ते हातात लागतं. तरुण दिसत असाल तर वयाचा दाखलाही जवळ ठेवा, गोव्यात मर्यादा १८ वर्षांची आहे.

१. लेबल वाचा, आणि 'पोर्ट' खाली ठेवा

पहिला सापळा इथेच आहे. गोव्यात येणारा पाहुणा 'वाइन' म्हणतो तेव्हा नव्वद टक्के वेळा त्याच्या डोक्यात गोव्याची गोड, स्वस्त, फ्रीजमधून काढून प्यायची पोर्ट असते. ती वाईट असं मी म्हणत नाही, आमच्या आत्या आनंदाने पितात. पण ती वस्तू वेगळी. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली अस्सल पोर्ट आणखी वेगळी: तिच्यात आंबवण अर्ध्यावर असताना द्राक्षाचं मद्यार्क ओतून साखर राखतात, म्हणून ती गोडही असते आणि १९-२० टक्के कडकही. आपण बोलतोय ती कोरडी वाइन, जिच्यात साखर जवळजवळ उरलेली नसते आणि अल्कोहोल साधारण १३ ते १४.५ टक्के असतं.

दुसरा शब्द 'ब्लेंड'. ब्लेंड म्हणजे वेगवेगळ्या जातींच्या द्राक्षांचं मिश्रण, भेसळ नव्हे. एकाच जातीच्या द्राक्षाची वाइन जास्त शुद्ध आणि म्हणून जास्त भारी, असा एक समज आहे. फ्रान्समधल्या बोर्दोच्या सगळ्यात मानाच्या रेड वाइन बहुतेक ब्लेंडच असतात. काबर्ने सोव्हिन्यॉं, मर्लो, काबर्ने फ्रां, पेती व्हर्दो आणि मालबेक ही तिथली ठरलेली मंडळी. काबर्ने सोव्हिन्यॉं कणा देते, मर्लो मांस भरते, पेती व्हर्दो चिमूटभरच पण रंग आणि ताठा आणते. शागोतीच्या वाटपात खसखस किती आणि बडीशेप किती हे जसं हाताला ठाऊक असतं, तसंच हे काम. आपल्याकडे कर्नाटकात नंदी हिल्सच्या ग्रोव्हरची 'ला रिझर्व्ह' ही काबर्ने-शिराझची जोडी आहे, तर सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजच्या फ्रातेल्लीची 'सेत्ते' ही सांजोव्हेझे आणि काबर्नेची. सुरुवात यांतल्या एखाद्या बाटलीने केली तरी चालेल, परदेशी लेबलच हवं असं काही नाही.

तिसरा शब्द पिंपाचा. मागचं लेबल वाचा. 'ओक बॅरलमध्ये अमुक महिने' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर बरं. नुसतं 'ओक्ड' लिहिलेलं असेल तर स्टीलच्या टाकीत ओकच्या चिपा किंवा फळ्या बुडवलेल्या असू शकतात. वास येतो, पण पिंपातला संथपणा येत नाही. 'रिझर्व्ह' शब्दावर भाळू नका. स्पेनच्या रियोहा भागात या शब्दांना नियम आहेत: क्रियान्सा म्हणजे किमान दोन वर्षं आणि त्यातलं एक पिंपात, रेझेर्व्हा म्हणजे तीन वर्षं आणि त्यातलं एक पिंपात, ग्रान रेझेर्व्हा म्हणजे पाच वर्षं आणि त्यातली दोन पिंपात. आपल्याकडच्या बाटलीवर तो शब्द दिसला म्हणून इतके महिने धरून चालू नका.

पोर्तुगीज बाटली हाती आली तर 'तिंतु' म्हणजे तांबडी आणि 'कार्व्हाल्यु' म्हणजे ओक. हो, तेच. आपल्या शेजारच्या कार्व्हालो कुटुंबाचं आडनाव म्हणजे ओकचं झाड. 'पिंप' हा शब्दसुद्धा मराठीत आला तो पोर्तुगीज 'पिपा'वरून.

२. दुकानात बाटली बघून घ्या

काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका, मग ती कितीही सवलतीत असो. म्हापशाच्या बाजारात दुपारी दोनला शटर अर्धं ओढून पंखा बंद केलेलं दुकान आतून किती तापतं ते आठवा. दुकानदाराला सरळ विचारा, "एसी रात्री चालू असतो का?" तो हसला तर उत्तर मिळालं.

मग बाटली उजेडात धरा. वाइनची पातळी मानेच्या बरीच खाली आहे का? कॉर्क टोपणाखाली वर फुगलाय का? टोपणाच्या कडेला चिकट ओघळ आहे का? यातलं एक जरी असेल तरी बाटलीने उष्णता सोसली आहे असं समजा आणि दुसरी मागा. बाटलीचं वजन आणि तळाचा खळगा यांवरून काहीही कळत नाही. जड काच महाग असते, एवढंच.

पिंपातली वाइन महाग का, हेही इथेच सांगते, म्हणजे किंमत बघून हात आखडणार नाही. बोर्दोचं नेहमीचं पिंप २२५ लिटरचं, त्यात सुमारे ३०० बाटल्या बसतात. नवं पिंप तीन-चार हंगामांत आपला वास देऊन संपतं, मग नवं घ्यावं लागतं. शिवाय मुरताना लाकडातून थोडी वाइन उडून जाते, तिला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. आमच्या कुंकळ्ळीला पॉल जॉनची व्हिस्की पिंपांत मुरते, तिथे हा वाटा स्कॉटलंडच्या कितीतरी पट असतो. गोव्याचे देवदूत जास्त तहानलेले.

एक सावधगिरी महाराष्ट्रातून येणाऱ्यांसाठी. इथून स्वस्त मिळते म्हणून डिकीत चार बाटल्या टाकून बांद्याच्या दिशेने निघू नका. दोन्ही राज्यांचा अबकारी कर वेगळा आहे, महाराष्ट्रात पिण्यालाही परवाना लागतो, आणि सीमेवर गाड्या तपासतात. इथे घ्या, इथेच चाखा.

३. घरी ठेवताना

मुरलेल्या वाइनला १२ ते १५ अंश, अंधार आणि शांतता लागते. गोव्यातल्या घरात यातलं फक्त अंधार फुकट मिळतो. महिन्या-दीड महिन्यात उघडणार असाल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, भाजीच्या ट्रेजवळ आडवी ठेवा. चार अंश ही काही आदर्श जागा नाही आणि फ्रीजची कोरडी हवा लांबच्या मुदतीत कॉर्क सुकवते, पण एकतीस अंशांपेक्षा ती शंभर पट बरी. पलंगाखाली, माळ्यावर, देवघराच्या मागच्या कोनाड्यात ठेवणं हे सगळं करून झालंय. मे महिन्यात कोनाडाही तापतो.

वर्षानुवर्षं साठवायचा विचार वाइन कूलर घेईपर्यंत सोडून द्या. तोही घ्याल तर आमच्यासारखी वारंवार वीज जात असेल तिथे इन्व्हर्टरला जोडा.

४. तापमान: यातच अर्धं काम

हा टप्पा वगळलात तर पुढचं वाचू नका.

पिंपातली रेड १६ ते १८ अंशांना प्यायची. याहून गरम झाली की अल्कोहोल पुढे येतं, नाकात झोंबतं, फळाचा वास शिजल्यासारखा होतो आणि सगळी वाइन ढिली, जाड लागते. फार गार झाली की वास झोपतात आणि तुरटपणा करकरीत होतो. दोन्ही बाबतींत वाइनमध्ये काही दोष नसतो, आणि माणूस म्हणतो, "नाही बुवा आवडली."

बाटली बाहेर असेल तर फ्रीजमध्ये दीड ते दोन तास. घाई असेल तर बादलीत अर्धं बर्फ, अर्धं पाणी, आणि बाटली मानेपर्यंत बुडवून बारा-पंधरा मिनिटं. नुसत्या बर्फाने हे होत नाही, मध्ये हवेच्या फटी राहतात. पाणी हवंच. बाटली आधीपासून फ्रीजमध्ये असेल तर उलट, अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा. बर्फाचा खडा ग्लासात टाकू नका. एकदा पणजीतल्या एका चांगल्या रेस्टॉरंटमध्ये आम्हाला कोमट रेड आली. मी बादली मागितली तर वेटरने आदराने सांगितलं, "मॅडम, रेड थंड करत नाहीत." मी दुसऱ्यांदा मागितली. बिल माझं होतं.

ग्लासात थोडीच ओता, साठ-सत्तर मिली. आपल्या हवेत ग्लासातली वाइन दहा-पंधरा मिनिटांत तीन-चार अंशांनी चढते. ग्लास पोटाला नव्हे, दांड्याला धरायचा नियम इथे शिष्टाचाराचा नाही, उकाड्याचा आहे.

५. उघडणं आणि हवा देणं

कॉर्क काढल्यावर त्याचा वास घ्यायची गरज नाही, वाइनचा घ्या. पहिला वास ओल्या पुठ्ठ्याचा, बुरसटलेल्या गोणपाटाचा आला आणि फळ कुठेच जाणवलं नाही तर कॉर्कचा दोष आहे. तो हवेने जात नाही, बाटली परत न्या. पण थांबा, आधी रिकामा ग्लास हुंगा. पावसाळ्यात आपल्या बंद कपाटांत बुरशीचा वास येतो आणि उलटे ठेवलेले ग्लास तोच वास धरून बसतात. आम्ही एकदा चांगली बाटली जवळजवळ परत करायला निघालो होतो, दोष माझ्या शोकेसचा होता. चाखायच्या आधी ग्लास गरम पाण्याने धुवा, साबण शक्यतो नको, आणि निथळू द्या.

दोन-चार वर्षांची तरणी, तुरट वाइन जगात ओतून तासभर ठेवा. जग काचेचाच हवा. तांब्यापितळेच्या भांड्यात कल्हई नसेल तर आपण आमसुलाचं सार ठेवत नाही, कारण तेच, आंबट पदार्थ धातूला लागतो. दहा वर्षांपलीकडची जुनी बाटली असेल तर तासभर हवा देऊ नका, तिचे वास तेवढ्यात उडून जातात. ती आदल्या दिवसापासून उभी ठेवा, गाळ खाली बसला की सावकाश ओता आणि लगेच चाखायला घ्या. गाळ म्हणजे बिघाड नव्हे.

ओतल्या ओतल्या एक घोट घ्या आणि वहीत लिहा. अर्ध्या तासाने पुन्हा, दीड तासाने पुन्हा. हा माझा स्वतःचा नियम आहे आणि मी तो सोडत नाही. पिंपातल्या वाइनचा पहिला घोट बहुतेक वेळा लाकडाचा असतो.

६. डोळ्यांनी

यात दोन मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा आणि कडेचा रंग बघा. जांभळट असेल तर वाइन तरुण, विटकरी झुकत असेल तर वय झालेली. ग्लासच्या आतून ओघळणाऱ्या धारा बघून लोक "वा, काय दर्जा!" म्हणतात. त्या धारा मुख्यतः अल्कोहोलमुळे पडतात, दर्जाशी त्यांचा संबंध नाही.

७. नाकाने

इथे मात्र बसा.

ग्लास न हलवता एकदा हुंगा. मग तळहात टेबलावर ठेवून ग्लास तीन-चार वेळा गोल फिरवा आणि नाक आत घाला. एक लांब श्वास नको, कुत्रा हुंगतो तसे छोटे-छोटे श्वास घ्या. मग नाक काढून आपल्याच कोपराचा वास घ्या आणि पुन्हा जा. माझे सासरे फेणी हातावर चोळून हुंगतात आणि सांगतात कुठली पहिल्या धारेची आहे. त्यांना आयुष्यात वाइनचा कोर्स लागला नाही.

आता शब्द. लेबलवर लिहिलेलं ब्लॅककरंट, सीडर, व्हायोलेट आपण कधी हुंगलंय? मी पहिले सहा महिने तेच शब्द शोधत बसले आणि काहीच सापडलं नाही. मग वहीत आमचे शब्द लिहायला लागले आणि एकदम नाक उघडलं. पिकलेलं जांभूळ. डोंगरातली करवंदं, उन्हात तापलेली. भिंडाचं, म्हणजे कोकमाचं, सोल. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, काळी मिरी तोडताना हाताला लागतो तो हिरवट तिखट वास. जायपत्री. ढबू मिरची चिरल्याचा वास, जो काबर्ने सोव्हिन्यॉंमध्ये द्राक्ष पुरतं पिकलं नसेल तर हमखास येतो.

काळ्या मिरीचं तर थेट नातं आहे. शिराझमध्ये मिरीसारखा वास येतो तो कवीकल्पना नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं की तो रोटंडोन नावाच्या द्रव्याचा असतो आणि मिरीतही तेच द्रव्य असतं. काही लोकांच्या नाकाला मात्र ते मुळीच जाणवत नाही. आमच्या पाचांतल्या एकाला जाणवत नाही. तो शिराझला नेहमी "नुसती जांभळं" म्हणतो आणि आम्ही त्याला हसायचं बंद केलंय.

फळानंतर पिंप शोधा. पिंप बनवताना ओकच्या फळ्या विस्तवावर वाकवतात आणि आतून भाजतात. त्यातून चार घराणी येतात: व्हॅनिला, लवंग, कॉफी-धूर, आणि खोबरं. लवंगेचा वास लवंगतेलातल्याच युजेनॉलमुळे. खोबऱ्याचा वास अमेरिकन ओकमध्ये जास्त, फ्रेंच ओकमध्ये दबका आणि मसाल्याकडे झुकलेला. एका रविवारी मी रियोहाची एक बाटली जगात ओतून ओट्यावर ठेवली होती. यजमान बाहेरून आत आले आणि म्हणाले, "शागोतीचं खोबरं करपतंय काय?" गॅस बंद होता. त्या दिवशी मला अमेरिकन ओक कळला.

सराव करायचा तर संध्याकाळी पाच वाट्या मांडा: एकीत दोन लवंगा, एकीत भाजलेलं सुकं खोबरं, एकीत कॉफीची पूड, एकीत व्हॅनिला इसेन्सचा थेंब, एकीत ठेचलेली मिरी. डोळे मिटून ओळखा, मग ग्लासाकडे जा. फसाल, पण तिसऱ्या महिन्यात फसणार नाही.

एक सापळा: फक्त पिंपाचाच वास येतोय, व्हॅनिला आणि कॉफी, आणि फळ कुठे लपलंय ते कळत नाही. नवशिक्याला हीच वाइन सगळ्यात 'प्रीमियम' वाटते. दीड तासाने पुन्हा हुंगा. तेव्हाही जांभूळ-करवंद वर आलं नाही तर माझ्या मते ती मुरलेली नाही, मसाला जास्त झालेली आहे. खोलीत अगरबत्ती, मोगऱ्याचा गजरा, मच्छर कॉइल आणि कोणाचाही परफ्यूम नको, हे वेगळं सांगायला नको.

८. तोंडात

लहान घोट घ्या, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा, सुर्र असा आवाज येऊ द्या, आणि घोट तोंडभर फिरवा. घरात आई असेल तर ती रागावेल, तरी करा. मग थुंका. हसू येतं, पण चार वाइन चाखायच्या असतील तर थुंकल्याशिवाय तिसरीपासून काही कळत नाही. गाडी चालवून घरी जायचं असेल तर अजिबात गिळू नका. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि ती दोन ग्लासांतच ओलांडली जाऊ शकते.

तोंडात तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखायच्या असतात आणि नवखा त्या तिन्हींना मिळून 'कडक' म्हणतो.

तुरटपणा म्हणजे टॅनिन. काजूचा बोंडू चावल्यावर हिरड्या आणि गालांचा आतला भाग जसा ओढला जातो, तसं. ओली सुपारी चघळणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. हवं तर कोरा चहा दहा मिनिटं उकळून बिनसाखरेचा एक घोट घ्या, तेच हे टॅनिन.

आंबटपणा म्हणजे ज्याने जिभेच्या कडांना पाणी सुटतं. सोलकढी आठवा. टॅनिन तोंड सुकवतं, आंबट तोंड ओलावतं. एवढं धरलंत की गोंधळ संपतो.

अल्कोहोल म्हणजे गिळल्यावर घशात उतरणारी ऊब. ती जळजळ झाली तर पुन्हा थर्मामीटर बघा.

पिंप यातल्या पहिलीवर काम करतं. लाकडातून आणि उघड-झाकेत वाइनला अगदी थोडी हवा मिळत राहते, तेवढ्यात टॅनिनचे कण एकमेकांना धरून मोठे होतात आणि खरखर मऊ होते. कैरीचं लोणचं पहिल्या दिवशी मीठ वेगळं, मोहरी वेगळी, कैरी वेगळी लागतं आणि महिन्याने एक होतं, तशातली ही गोष्ट. चांगल्या पिंपातल्या ब्लेंडमध्ये तुरटपणा जात नाही, मखमलीसारखा बसतो. तो पुरता गेला असेल तर मजा गेली.

शेवटी घड्याळ. थुंकल्यावर चव किती सेकंद टिकते ते मोजा. पाच-सहा सेकंदांत संपली तर साधी. वीसच्या पुढे गेली आणि मध्येच जांभळाची लवंग झाली, लवंगेची कॉफी झाली, तर बाटलीच्या किमतीचा खुलासा मिळाला.

माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देते. बाटली काबर्ने-शिराझची होती.

"७.३५, १७ अंश. लाकूड. कपाटाचा ड्रॉवर. गालांना बोंडू. फळ? नाही.
८.१०, २० अंश झाली, परत बादलीत. १७ ला: करवंद आलं. मिरी नक्की.
९.१५. जांभूळ, लवंग, शेवटी थोडी कॉफी. हिरड्या शांत. मोजले: २३. हीच का ती?"

९. सोबत काय खायचं

चाखताना फक्त पाव. जेवण नंतर.

मासे नकोत, निदान तेलकट बांगडा-तारली तर नकोतच. रेड वाइनमधलं लोह आणि माशाची चरबी जमली की तोंडात जुन्या लोखंडाची आणि शिळ्या माशाची चव येते. हे मी हट्टाने तीन वेळा करून पाहिलं, कारण गोव्यात माशाशिवाय जेवण म्हणजे काय?

मटणाची शागोती चालते, पण लाल मिरची निम्मी करा. तिखटाने टॅनिन आणखी बोचतं आणि अल्कोहोल आग लावतं. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप मात्र पिंपाच्या वासाला इतकं जवळचं आहे की तेवढ्यासाठी मिरची कमी केलेली परवडते. चौरिस-पाव (गोव्याचं सॉसेज आणि पाव) मीठ आणि चरबीमुळे जमतो, व्हिनेगर जास्त असेल तर नाही. शाकाहारी मंडळींसाठी अळमी, म्हणजे रानातली मशरूम, हे उत्तम उत्तर, पण त्या येतात पावसात, आणि श्रावण लागला की आमच्या घरी ग्लास बाहेर निघत नाहीत. त्यामुळे तो योग आषाढातच साधावा लागतो, तोही गटारीच्या आधी. बिबिंक, दोदोल, काहीही गोड सोबत नको. गोडानंतर कोरडी वाइन आंबटढाण लागते.

१०. उरली तर

कॉर्क परत लावा आणि फ्रीजमध्ये उभी ठेवा. बाहेर ठेवलेली गोव्यात दुसऱ्या संध्याकाळीच उतरते, फ्रीजमध्ये तीन दिवस धरते. छोटी बाटली स्वच्छ धुऊन काठोकाठ भरलीत तर आणखी एखादा दिवस, कारण हवाच कमी राहते. दुसऱ्या दिवशीचा ग्लास चुकवू नका. काही तरण्या ब्लेंड त्याच दिवशी आदल्या रात्रीपेक्षा बऱ्या लागतात.

चौथ्या दिवशी आंबूस वास यायला लागला की मी ती मटण मुरवताना वाटीभर घालते आणि व्हिनेगर तेवढं कमी करते. सासरे वाइन तोंडाला लावत नाहीत, त्यांचा विश्वास फेणीवरच. पण त्या दिवशी रस्सा दुसऱ्यांदा मागतात, आणि मी त्यात काय घातलंय ते अजून विचारलेलं नाही.